पारखणाऱ्यांची परीक्षा

आयुष्याची चौतीस वर्षे मी शाळेतल्या मुलांच्या निबंधांना गुण दिले आणि उरलेल्या वेळात इतरांच्या कवितांना. दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूकडे पाहून ‘उत्तम’, ‘बरी’, ‘सामान्य’ असे शेरे मारण्याची सवय एकदा हाताला लागली की ती सहजी सुटत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझी पुतणी अमरावतीहून इंझोरीला आली आणि तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी सवयीनेच चष्मा चढवला आणि लाल पेन्सिल शोधू लागलो.

“मोठे बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही जन्मभर कवितांची पारख करत आलात. आता ह्याची करा. ह्यांतलं कोणतं चांगलं?”

कागदावर पाच ओळी होत्या. ४एए, ४एबी, ४बीबी, ३बीबी, ४बीसी. वर एका रुग्णालयाचे नाव, खाली एका तज्ज्ञाची सही. लग्नाला आठ वर्षे होऊनही घरात पाळणा हलला नव्हता, म्हणून पुतणीने आणि जावयाने दीड एकर रान विकून उपचार घेतले होते. त्या उपचारातून तयार झालेले पाच भ्रूण शहरातल्या कुठल्याशा टाकीत गोठवून ठेवलेले होते आणि त्यांची गुणपत्रिका माझ्या हातात होती. पैसे आणखी भरले तर पाचांचीही एक अधिक सूक्ष्म चाचणी होऊ शकेल, असे तिला सांगण्यात आले होते. भरावेत की नाही, हे ठरवायला तिला दोन आठवडे मिळाले होते.

मी पेन्सिल खाली ठेवली. कवितेला कमी गुण दिले तर कवी फार तर रुसतो. इथे कमी गुण मिळालेल्याला रुसण्यापुरतेही अस्तित्व मिळेल की नाही, हाच प्रश्न होता. दिवाळीच्या फराळाशेजारी वाचायला हा विषय जड वाटेल. पण ज्या घरांत हा कागद आज येतो, त्या घरांतही दिवाळी असतेच, आणि अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. म्हणून भ्रूणांची पारख करणाऱ्या ह्या पद्धतींचीच पारख करावी, असे मी योजिले आहे. मी वैद्य नव्हे, टीकाकार आहे. परंतु निकष कसा तपासावा, एवढे तरी टीकाकाराला कळायला हवे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ह्या विद्येच्या जन्माच्या वेळी निवड नावाची वस्तूच नव्हती. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन जन्मली, तेव्हा स्टेप्टो आणि एडवर्ड्स ह्यांच्या हाती एकच स्त्रीबीज होते. त्याचा एकच भ्रूण झाला आणि त्याचीच मुलगी झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी ह्यांच्या प्रयत्नांतून दुसरी मुलगी जन्मली. तिचा भ्रूण आधी गोठवून मग गर्भाशयात सोडलेला होता. मुखर्जींवर त्यांच्या काळाने विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली आणि भारतातले पहिले असे बाळ म्हणून तिचा गौरव झाला. परंतु त्याच आनंद कुमारांनी नंतर मुखर्जींची टिपणे वाचली आणि १९९७ साली पहिलेपणाचा मान जाहीरपणे मुखर्जींना दिला. स्वतःचा पहिला क्रमांक आपण होऊन दुसऱ्याला देणारा परीक्षक मराठी टीकेच्या इतिहासात मला तरी शोधावा लागेल.

निवडीचा प्रश्न आला तो सुबत्तेबरोबर. औषधांच्या साहाय्याने एका महिन्यात दहा-पंधरा स्त्रीबीजे मिळू लागली, चार-सहा भ्रूण होऊ लागले, आणि मग पंचाईत पडली. सगळेच सोडावेत तर जुळी, तिळी होण्याचा धोका. त्यात आईच्याही जिवाला घोर आणि बाळांच्याही. एकच सोडावा हे शहाणपणाचे. पण मग कोणता? म्हणजे निवडीची ही कल्पना मुळात सद्‌हेतूने आली, हे मान्य करूनच तिच्यावर टीका केली पाहिजे.

पहिली पद्धत रूपाची. पाचव्या दिवशी भ्रूण म्हणजे शंभरएक पेशींचा, आत पाणी भरलेला एक चिमुकला फुगा असतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट ह्यांनी १९९९ मध्ये त्याला गुण देण्याची एक रीत घालून दिली. फुगा किती फुगला ह्याला एक ते सहा आकडे. आतला जो पुंजका पुढे बाळ होणार त्याला एक अक्षर. बाहेरचा जो थर पुढे वार होणार त्याला दुसरे अक्षर. पेशी भरपूर, घट्ट, नीट बसलेल्या असल्या तर ए. विरळ, विस्कळीत असल्या तर सी. माझ्या पुतणीच्या कागदावरचे कोडे ते हेच.

ही रीत वाचताना मला मर्ढेकरांची आठवण झाली. कलाकृतीचे मोल तिच्या घटकांच्या परस्परसंबंधात, संवाद-विरोध-समतोल ह्या लयीत पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. तो वाचून आम्ही त्या काळचे विद्यार्थी प्रत्येक कवितेत समतोल मोजत सुटलो होतो. भ्रूणतज्ज्ञही तेच करतो, आणि ते निरर्थक नाही. देखण्या भ्रूणापासून गर्भ राहण्याचा संभव अनाकर्षक भ्रूणापेक्षा अधिक असतो, हे अनुभवाने सिद्ध आहे. पण संभव म्हणजे निर्वाळा नव्हे. एकाच भ्रूणाला दोन तज्ज्ञ दोन श्रेणी देतात, जशी एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी दिल्याचे मी पाहिले आहे. सी मिळालेल्यांतूनही धट्टीकट्टी मुले जन्मतात आणि दोन ए मिळालेले पुष्कळदा रुजतही नाहीत. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ साली वारल्या आणि गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, तीही सोपानदेवांनी ती टिपून ठेवली आणि अत्र्यांनी ती उचलून धरली म्हणून. रूपाच्या, शिक्षणाच्या, घराण्याच्या कुठल्या गुणपत्रिकेत त्या बाईंना ए मिळाला असता?

दुसरी पद्धत चलच्चित्राची. भ्रूण ज्या उबदार पेटीत वाढतो तिच्यातच कॅमेरा बसवायचा, दर काही मिनिटांनी छायाचित्र घ्यायचे आणि दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी केव्हा झाल्या ह्याचे वेळापत्रक पाहून भविष्य सांगायचे. कल्पना मोठी मोहक आहे. स्थिरचित्रापेक्षा चलच्चित्र अधिक सांगणार, असे कोणालाही वाटेल. परंतु ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये १५७५ स्त्रियांवर एक मोठी तुलना झाली. तिचा निष्कर्ष २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. कॅमेऱ्याच्या आधारे निवड केलेल्या गटात बाळंत झालेल्यांचे प्रमाण शेकडा ३३.७, साध्या पद्धतीने निवड केलेल्या गटात शेकडा ३३. आणि पेटी तीच, पण चित्रे निवडीसाठी न वापरलेल्या गटात शेकडा ३६.६! ह्या आकड्यांतला फरक योगायोगाहून मोठा मानण्याजोगा नाही, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणजे चित्रपट पाहून निकाल काही बदलला नाही.

तिसरी पद्धत यंत्राची. हजारो भ्रूणांची चित्रे आणि त्यांचे पुढे काय झाले हे संगणकाला शिकवले आणि त्यालाच परीक्षक नेमले. त्याचीही परीक्षा झाली. १०६६ जोडप्यांच्या ह्या प्रयोगाचे फळ २०२४ सालीच प्रसिद्ध झाले. यंत्राच्या निवडीने शेकडा ४६.५ स्त्रियांना गर्भ राहिला, माणसाच्या निवडीने ४८.२. यंत्र माणसाच्या तोडीचे आहे एवढे सिद्ध करण्यासाठी हा प्रयोग मांडला होता. तेवढेही सिद्ध झाले नाही. यंत्राची सरशी एका बाबतीत निर्विवाद ठरली: माणसाला निवडीसाठी सुमारे २०८ सेकंद लागत, यंत्राला २१. ज्या घराने आठ वर्षे वाट पाहिली, त्याला वाचलेल्या तीन मिनिटांचे काय अप्रूप असणार?

चौथी पद्धत मात्र वरवरची नाही. आणि पुतणीपुढे प्रश्न होता तो हिचाच. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पाचएक पेशी काढून त्यांतली गुणसूत्रे मोजायची. ती शेहेचाळीस असावीत. एखादे कमी किंवा जास्त निघाले तर असा भ्रूण बहुधा रुजत नाही, रुजला तर बहुधा पडतो. इथे निकष डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचा नाही, घडणीचा आहे. म्हणून ह्या पद्धतीला मी सहजासहजी हसणार नाही. पण काढलेल्या पेशी कुठल्या? जो थर वार होणार, त्याच्या. मुखपृष्ठाचा कोपरा फाडून आतल्या कादंबरीवर अभिप्राय देण्यासारखेच हे झाले. शिवाय काही भ्रूणांत चांगल्या आणि वाईट पेशी एकत्र नांदतात. अशा मिश्र भ्रूणांना पूर्वी थेट बाद करीत. २०१५ साली इटलीतल्या वैद्यांनी दुसरा भ्रूणच उरला नाही अशा १८ स्त्रियांच्या गर्भाशयात असे मिश्र भ्रूण सोडले आणि त्यांतून ६ निरोगी बाळे जन्मली. तोवर असे किती भ्रूण मोरीत गेले असतील, ह्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिलेला असणार?

चीनमध्ये १२१२ स्त्रियांवर ह्या चाचणीची तुलना झाली. २०२१ साली तिचा अहवाल आला. प्रत्येकीपाशी तीन किंवा अधिक चांगले भ्रूण होते, वय सदतिसाच्या आत. एकामागून एक असे तीन भ्रूणांपर्यंत प्रयत्न केल्यावर चाचणी केलेल्यांपैकी शेकडा ७७.२ जणी आई झाल्या. न केलेल्यांपैकी ८१.८. चाचणीच्या गटात गर्भ पडण्याचे प्रमाण कमी होते, हे तिच्या बाजूने प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ते दुःख ज्या बाईने सोसले आहे, तिच्या दृष्टीने ते लहान नव्हे. परंतु अखेर मूल किती जणींच्या मांडीवर आले, ह्या प्रश्नाचे उत्तर चाचणीने वाढले नाही.

असे का व्हावे? इतकी सूक्ष्म साधने, इतके निष्णात डोळे, आणि फळ जिथल्या तिथे? ह्याचे उत्तर शास्त्रात शोधण्याआधी ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांच्या टेबलाकडे पाहा. त्यांच्याकडे पाच कथा आल्या आणि जागा एकीपुरतीच आहे. त्यांनी त्यांतली उत्तम ती निवडली. बाकीच्या चार जपून ठेवल्या आणि पुढच्या चार वर्षांत एकेक छापली, तर त्यांच्या निवडीने काय साधले? क्रम. पाचांतल्या किती कथा मुळात चांगल्या होत्या, हे लेखकांनी लिहितानाच ठरले होते. संपादकाच्या चष्म्याने एकही कथा अधिक चांगली होत नाही. मात्र एखादा सदोष निकष हाती धरून त्यांनी दोन कथा बंबात घातल्या, तर वाङ्मयाचा तोटाच होऊ शकतो, नफा कधीच नाही. भ्रूण गोठवून सुखरूप ठेवता येऊ लागले, त्या दिवसापासून भ्रूणांच्या निवडीचेही नेमके असेच झाले आहे. निवड भ्रूण घडवीत नाही. ती फक्त रांग लावते.

रांगेला किंमत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चाळिशीला टेकलेल्या बाईपाशी दिवस थोडे असतात. प्रत्येक फेरीला पैसा, रजा, इंजेक्शने आणि शेजारणींचे प्रश्न लागतात. तिसऱ्या फेरीऐवजी पहिल्या फेरीत फळ आले तर तो लाभच आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जे विकले जाते त्याला त्याच्या खऱ्या नावाने विकावे. “लवकर होण्याचा संभव थोडा वाढेल” हे एक वाक्य. “मूल होण्याचा संभव वाढेल” हे दुसरे. ह्या दोन वाक्यांमधल्या फरकावर एखाद्याचे रान विकले जाते.

निवड जिथे खरोखर कारणी लागते, ती जागाही सांगितली पाहिजे. आमच्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला तो आजार पूर्ण स्वरूपात येण्याचा संभव चारांत एक. हाडे चावून काढणाऱ्या वेदनांनी तळमळणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. एका मुलाला तसे पुरलेल्या आईबापांनी पुढचे मूल त्या आजाराशिवाय जन्मावे म्हणून भ्रूण तपासून घेतले, तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिथे प्रश्न नेमका आहे, दोष नावानिशी ठाऊक आहे, आणि चाचणीचे उत्तरही त्या प्रश्नापुरते आहे. चांगल्या टीकेची लक्षणे ह्याहून वेगळी नसतात.

पण निकष नेमका राहील, अशी ग्वाही कोण देणार? १९९० साली लंडनमध्ये पहिल्यांदा भ्रूण तपासून निवडले गेले, ते मुलग्यांनाच होणारे काही आनुवंशिक आजार टाळण्यासाठी. म्हणून मुलींचे भ्रूण निवडले होते. तीच विद्या आपल्याकडे उलट्या कामाला लागायला वेळ लागला नसता. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. मुली असलेल्या एका दांपत्याने ‘कुटुंबाचा समतोल’ साधण्यासाठी मुलगा निवडू द्यावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, ती २००७ मध्ये फेटाळली गेली. समतोल हा शब्द मर्ढेकरांच्या टीकेतून निघून न्यायालयाच्या कागदांत कसा वापरला गेला, हे पाहून मी खिन्न झालो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. निवडीचा अधिकार मिळाल्यावर आपण काय निवडतो, ह्याची उत्तरपत्रिका आपण आधीच लिहून दिलेली आहे.

परदेशांत आता ह्याच्याही पुढची भाषा सुरू आहे. भ्रूणाच्या उंचीचा, बुद्धीचा अंदाज पैसे घेऊन सांगणारे निघाले आहेत. २०१९ साली संशोधकांनी ह्या अंदाजांची झडती घेतली, तेव्हा दहा भ्रूणांतून ‘सर्वोत्तम’ निवडला तरी पदरात अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यंकाचे अडीचएक गुण पडावेत, आणि तेही सरासरीने, असे दिसून आले. ह्या बाबतीत एका मराठी बाईंची आठवण ठेवावी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. ती संस्था माणसांच्या वंशाची प्रतवारी लावणाऱ्यांची. युरोपियांच्या कवटीची ठेवणच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, ह्या अर्थाचे गुरूंचे अनुमान होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि त्या ठेवणीचा संबंध दिसत नाही, असे गुरूंच्याच दारात लिहून दिले. पुढे त्या देशात माणसांच्या प्रतवारीतून काय ओढवले, ते जगाला ठाऊक आहे. मोजमापाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी मोजूनच उत्तर दिले. मोजण्याआधीच निकाल ठरवण्याला त्यांनी मान तुकवली नाही.

आता पुतणीच्या कागदाकडे वळतो. त्या संध्याकाळी आम्ही तिघे ओसरीवर बसलो होतो. मी वरचे आकडे एकेक करून सांगितले. ती एकतीस वर्षांची, भ्रूण पाच. चीनमधल्या त्या स्त्रियांसारखीच तिची स्थिती. ती चाळीस वर्षांची असती तर माझे बोलणे वेगळे झाले असते, हेही सांगितले. तिने वहीत तीन प्रश्न लिहून घेतले: माझ्या वयाला ह्या चाचणीने मूल होण्याचा संभव वाढतो का; मिश्र निघाला तर टाकणार का; आणि टाकायचे की नाही हे कोण ठरवणार. ‘वारीन’ असे मी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हतो. ते तिच्या वैद्यांनीच द्यायचे होते.

घरात तेव्हा आमची ही सोयाबीनची उगवण पाहून ठेवत होती. इंझोरीत हे घरोघर चालते. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि काही दिवसांनी मोड मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. सोयाबीनचे साल नाजूक. पोते आदळले तरी दाणा आतून मरतो आणि वरून तसाच टपोरा दिसतो. म्हणून चाचणी शंभरांची असते, एका दाण्याची नव्हे. पुतणीने विचारले, “मोठी आई, ह्यांतला कोणता उगवेल हे आधी सांगता येतं?”

“तोंड पाहून बी समजत असतं,” ती गोणपाट गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “त दुबार पेरनी कायले करा लागली असती वं?”

पुतणीने आपले प्रश्न वैद्यांना विचारले. त्यांनी सरळ उत्तरे दिली, हे त्यांच्या श्रेयाला. चाचणी केली नाही. माघात पहिला, दोन ए मिळवलेला भ्रूण सोडला. तो रुजला नाही. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा माझ्यापाशी एकही आकडा नव्हता. चाचणी केली असती तर, हा विचार तिच्याही मनात आला असेल. माझ्या तर आलाच. पण पाचांतला एक न रुजणे हे आमच्या निर्णयाच्या विरुद्ध पुरावा नव्हे, जसे उद्या दुसरा रुजला तर तो बाजूचा पुरावा नव्हे. हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. आज इथे लिहितो आहे.

भाऊबीज झाली की ती पुन्हा अमरावतीला जाणार आहे. रांगेत आता दुसरा आहे, ४एबी. त्याच्यामागे आणखी तीन आहेत, शेवटी सी मिळालेला तोही. त्याला तिने टाकू दिलेले नाही.